गाडीची तहान

"कोणाचं राहिलंय?"

थंडेमहाराजांनी असं विचारलं की चढणीच्या माथ्यावर जमलेला सगळा घोळका एकदम गप्प व्हायचा. 'राहिलंय' हा शब्दच आमच्याकडे तसा आहे. कुणाचा देवीला बोललेला नवस राहिलेला असतो, कुणाची माहेरवाशिणीची ओटी, कुणाचा ग्रामदेवतेचा नारळ. मुंबईला गेलेल्यांचं तर शिमग्याला घरी यायचंच राहिलेलं असतं. ज्याचं काहीच राहिलेलं नाही असा माणूस आख्ख्या कोकणात शोधून सापडायचा नाही. तेव्हा महाराजांचा नेम चुकायची भीतीच नव्हती. प्रश्न हवेत सोडायचा आणि कोण रडायला लागतं ते बघायचं.

राजापूरहून रत्नागिरीकडे जाताना ही चढण लागते. रस्त्याचं काम चालू आहे म्हणून सगळी वाहनं ट्रकांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगत वर येतात. मे महिन्याच्या उन्हात माथ्यावर पोचेपर्यंत त्यातल्या काही गाड्या तापतात आणि बॉनेटखालून वाफा सोडायला लागतात. माथ्यावर जांभा दगडाची एक बंद पडलेली चिरेखाण आहे, तिच्या कडेला मोकळी जागा आणि फणसाची सावली. तिथेच महाराजांनी भगवा झेंडा लावला होता. गाडी तापली म्हणजे तिच्यात कोणीतरी शिरलंय, असं त्यांचं शास्त्र होतं.

विधी बघण्यासारखा असायचा. "इंजिन बंद करायचं नाही! आतला जागा असतानाच धरावा लागतो!" असं ओरडत शिष्य सगळ्यांना खाली उतरवायचे. महाराज एकटेच ड्रायव्हरच्या जागी बसायचे, काचा वर करायचे आणि समोरच्या डॅशबोर्डवर लाल कापड पसरायचे. बाहेर शिष्य गाऱ्हाणं घालायचे.

"बा देवा म्हाराजा! ह्या चार चाकांच्या लेकराच्या पोटात जो कोण पेटून बसलेलो असात, त्याका भायेर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक ओरडायचे. त्यात प्राध्यापक होते, वकील होते, गल्फहून सुट्टीवर आलेले इंजिनियर होते.

कापडाखाली महाराजांचे हात थरथरायचे, तोंडाने "निघ! निघ!" चालायचं. मग एकदम दार उघडायचं आणि आतून गरम हवेचा असा झोत यायचा की पुढची माणसं मागच्यांच्या पायावर पडायची. "गेला! गेला!" लोक हात पुढे करून तो झोत अंगावर घ्यायचे, मोबाइलवर टिपायचे. कापड काढलं की लाल रेघेपाशी टेकलेला तापमानाचा काटा खरोखरच मध्यावर आलेला दिसायचा. नारळ फुटायचा आणि पुढची गाडी हजर व्हायची.

मी राजापुरात हायस्कुलात विज्ञान शिकवते. असल्या ठिकाणी दिशा मॅडमचं तोंड बंद राहत नाही अशी माझी ख्याती आहे. आमच्या गाडीची पाळी आली त्या दिवशी मात्र ते बंद राहिलं, आणि त्याची बोच अजून जात नाही.

गाडीत आम्ही तिघं होतो. चालवायला माझा नवरा हर्षद, शेजारी मी आणि मागे जनीआत्या. हर्षदची आई तो लहान असताना वारली. त्याला भरवण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं आत्याने केलं. आता तिचीच मूत्रपिंडं थकली आहेत आणि आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी रत्नागिरीला न्यावं लागतं. पाणीही डॉक्टरांनी मोजून दिलंय. सकाळी एक छोटी बाटली भरायची आणि ती दिवसभर पुरवायची. मे महिन्यात हे काय असतं ते तिलाच माहीत.

चढण संपताना काटा लाल रेघेला टेकला. हर्षद गाडी बाजूला घेतो न घेतो तोच शिष्यांनी आम्हाला घेरलं. मी म्हणणार होते, नको, आम्ही थांबू थोडा वेळ. पण हॉस्पिटलातली वेळ चुकत होती आणि लोक आमच्याकडे बघत होते. काय करायचं ते लवकर करा, एवढंच मी म्हटलं.

महाराजांनी डोळे मिटले. "ह्या गाडीत कोणीतरी तहानलेलं आहे. पाणी पाणी करत गेलेलं आहे. कोणाचं राहिलंय?"

तापलेल्या गाडीसमोर उभं राहून 'कोणीतरी तहानलेलं आहे' म्हणायला दिव्यदृष्टी लागत नाही. मी हसणार होते. तेवढ्यात माझ्या मागून आत्याचा आवाज आला.

"माझा राहिलाय म्हाराज."

ती मोटारीचं दार धरून उतरली आणि त्या लाल मातीत गुडघ्यांवर बसली. "माझ्या वयनीला पाणी दिला नाय मी. हात जोडून मागत होती. डॉक्टर बोललेले आपरेशन हाय, थेंब पण देऊ नको. मी नाय दिला. आणि ती तशीच गेली."

वयनी म्हणजे हर्षदची आई. हे हर्षदने जन्मात पहिल्यांदा ऐकलं, तेही शे-दीडशे परक्या माणसांच्या घोळक्यात. तो तापलेल्या बॉनेटकडे बघत राहिला. मी पुढे होऊन आत्याला उठवायला हवं होतं. मी घड्याळाकडे बघितलं.

"ही बाई गाडीत बसेल तोवर ती तहान गाडीत बसणार," महाराजांनी निकाल दिला. "दर अमावास्येला इथे येऊन तिच्या नावाने पाणी सोडायचं. फिटेल तेव्हा फिटेल."

मग लाल कापड, गाऱ्हाणं, गरम झोत, "गेला! गेला!" सगळं यथासांग झालं. काटा उतरला, आम्ही वेळेत पोचलो. येताना आत्याने बाटलीला तोंड लावलं नाही.

"देवान माझा पाणी मोजून का दिलाय, ता आज कळला गो बाय," ती म्हणाली.

त्यानंतर ती गाडीत बसायलाच तयार होईना. एकदा मी तिला एसटीने नेलं. येताना राजापूर स्टँडवर तिला भोवळ आली, आणि पुढच्या आठवड्यात तिने एसटीलाही नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाची गाडी करू म्हटलं तर, "त्या बिचाऱ्याची गाडी कशाला जाळू मी?" त्या आठवड्यातल्या दोन्ही खेपा चुकल्या. पाय सुजले. जिना चढताना लागायची ती धाप आता बसल्या जागी लागायला लागली. हॉस्पिटलातून फोन यायचे, तिकडची नर्स मला रागवायची आणि मी ऐकून घ्यायची. शेजारच्या मालनकाकी रोज येऊन आत्याला महाराजांचा अंगारा लावून जायच्या.

मला राग हर्षदचा यायचा. एरवी बुवाबाबा म्हटलं की हा माणूस टेबलावर मूठ आपटतो. आता मात्र, "तिच्या मनाला वाटतंय तर काय करणार," एवढं पुटपुटून तो नजर चुकवायचा. आईच्या आठवणीने गप्प झालाय, असं मी समजत होते.

मग मला ते निळं झाकण सापडलं.

आमच्या गाडीत हवा गार-गरम करायचं जे बटण असतं, त्याची टोपी कधीच तुटलीय. उरलेल्या दांडीवर हर्षदने आत्याच्या टॉनिकच्या बाटलीचं निळं झाकण बसवलं होतं. त्या शुक्रवारी सकाळी मी गाडीत राहिलेली तिची फाइल काढायला गेले, तर ते झाकण ड्रायव्हरच्या पायाशी पडलेलं. उचलून दांडीवर बसवायला गेले आणि थबकले. दांडी पार लाल टोकाला फिरलेली होती.

लाल टोक म्हणजे हीटर. आता रत्नागिरी जिल्ह्यात गाडीचा हीटर कोण लावतो? आम्ही जानेवारीतही काचा खाली करून फिरणारी माणसं. ती लाल पट्टी कंपनीने शोभेला रंगवलीय, असंच आमच्यातल्या निम्म्यांना वाटतं. एसीही हल्ली गार हवा देत नव्हता, त्यामुळे महिनाभर त्या बटणांना आम्ही कोणी हातच लावला नव्हता. हात लावला होता तो फक्त एका माणसाने, लाल कापडाखाली. दांडी फिरवून त्याने काम केलं, पंखा बंदही केला, पण झाकण निसटून खाली पडलं आणि त्याला दांडी परत निळ्याकडे फिरवता आली नाही.

झाकण बसवून मी दांडी परत निळ्याकडे फिरवली आणि तिथेच सीटवर बसले. नववीच्या वर्गात दर वर्षी सांगते, उष्णता नाहीशी होत नाही, एकीकडून दुसरीकडे जाते. आणि माझ्यासमोर दार उघडून गरम हवेचा लोट आला तेव्हा, ही उष्णता आली कुठून, एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता. माझी मलाच लाज वाटली.

"हर्षद, गाडी अंगणात घे. इंजिन चालू ठेव आणि तू खाली उतर."

आत्या ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. मालनकाकी अंगाऱ्याची पुडी घेऊन आल्याच होत्या. गाडी घुरघुरायला लागली तशी वाडीतली आणखी चार माणसं गडग्याशी, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणाशी, येऊन उभी राहिली. मी मालनकाकींना ड्रायव्हरच्या जागी बसवलं.

"काकी, तुम्ही महाराजांच्या माणूस. काटा कुठे आहे ते तुम्हीच ओरडून सांगायचं. आत्या, तू तिथेच बस. गाडीला हात लावू नकोस, तिच्याकडे बघूही नकोस वाटलं तर."

"मधी हाय गो!" काकींनी पहिली बातमी दिली. बराच वेळ तो मध्येच होता. माणसं कंटाळून विड्या पेटवायला लागली. मग काकींचा आवाज बदलला. "हलला वाटता... व्हय, वर चालला... अगो बाय, लालाला लागलो!"

आत्या पुढे वाकली. "मी बसलंय खय? मी हयच हाय ना?"

"तू तिथेच आहेस," मी म्हटलं. "आणि गाडी तरी तापली."

मग मी खिडकीतून हात घालून निळं झाकण लाल टोकाला फिरवलं आणि पंख्याचं बटण पूर्ण मोठं केलं. समोरच्या जाळीतून गरम हवेचा झोत थेट काकींच्या तोंडावर आला. "गेला! गेला!" काकी सवयीने किंचाळल्या आणि मग स्वतःच ओशाळून गप्प झाल्या. गडग्यावरची माणसं खो खो हसली. काटा हळूहळू खाली आला. ना गाऱ्हाणं, ना नारळ.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. इंजिन गार ठेवणारं पाणी त्याच्या पोटातून फिरतं आणि पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, येऊन निवतं. हीटर लावला की त्यातलं थोडं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या तशाच एका लहान जाळीतून जातं. तिच्यावर पंखा वारा घालतो आणि इंजिनाची उष्णता गाडीत येते. तेवढं इंजिन निवतं. म्हणूनच महाराज इंजिन बंद करू देत नाहीत, पाणी फिरायचं थांबेल ना! भूत वगैरे काही बाहेर पडत नाही. इंजिनाचा ताप बाहेर पडतो.

"आणि लाल कापड?" गडग्यावरून कोणीतरी विचारलं.

"हात झाकायला."

मी विजयी मुद्रेने ओटीकडे वळले. पण आत्या हसत नव्हती.

"भूत नाय, तर मग गाडी तापते कशान?"

तिचा प्रश्न बरोबर होता. महाराजांनी काटा उतरवला कसा ते मी दाखवलं होतं, पण तो चढतो का ते कुठे सांगितलं होतं? मी हर्षदला म्हटलं, "बॉनेट उघड आणि एसी लाव. एसी लावला की पुढचा मोठा पंखा फिरायला हवा." त्याने एसी लावला. बॉनेटखाली रेडिएटरला लागून तो काळा पंखा होता, ढिम्म. गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो. चढणीवर ट्रकामागे रांगताना वारा मिळत नाही, तिथे हाच पंखा लागतो. एसी गार का पडत नव्हता तेही आता कळलं.

"मोटर जळलीय," हर्षद म्हणाला. अंदाज सांगावा तसा नव्हे, आधीपासून माहीत असल्यासारखा.

"तुला कसं कळलं?"

तो बॉनेटला धरून उभा राहिला. गडग्यावरची माणसं कान टवकारून होती. त्याला घरात जाऊन सांगता आलं असतं. तो तिथेच बोलला.

"अस्लमने सांगितलेलं." अस्लम आमचा मेकॅनिक. "शिमग्याच्या आधीच बोललेला, 'हर्षदभाई, पंख्याचं काम राहिलंय हां, घाटात नेऊ नको.' कूलंटची, म्हणजे इंजिनाच्या पाण्याची, बाटलीही रिकामी होत होती. आठवलं तर मी विहिरीचं पाणी ओतायचो, नाहीतर तेही नाही. बघू, बघू करत राहिलो."

मग तो ओटीच्या पायरीवर, आत्याच्या सुजलेल्या पायांशी येऊन बसला.

"आत्या, तहानलेली गाडी होती. मी ठेवलेली. तू तिथे मातीत बसून रडत होतीस ना, तेव्हा मला माहीत होतं काय राहिलंय ते. मी बोललो नाही. त्याने माझं तुझ्यावर ढकललं आणि मला... मला बरं वाटलं."

मालनकाकींनी अंगाऱ्याची पुडी पदरात लपवली. मला नवऱ्याचा संताप आला होता, पण बोलायला तोंड नव्हतं. घड्याळाकडे बघणारी मीच होते.

आत्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी तिला सांगितलं, ऑपरेशनआधी पोटात पाणी असलं तर भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून देत नाहीत. तिला वाचवण्यासाठीच तू दिलं नाहीस.

"ता मला तवाच सांगितलेनी डॉक्टरांनी," ती धापा टाकत म्हणाली. "ठाऊक हाय गो. पण तिचा तोंड डोळ्यासमोरना जात नाय. म्हणून तर कोण बोलला की लगेच खरा वाटता."

हॉस्पिटलात फोन केला. आत्ताच्या आत्ता घेऊन या, म्हणाले. शुक्रवार, अस्लमचं गॅरेज बंद. शेजारच्यांची गाडी मागायला मी निघाले तर आत्याने हात धरला.

"ह्याच गाडीतना. नायतर माझ्या मनातला जायचा नाय."

इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबलो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं, तेव्हा तिथे घाई करायची नसते. मग कूलंटच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरलं आणि निघालो. चढणीच्या पायथ्याशी आम्ही काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण लावला. मे महिन्यातली भर दुपार आणि पायांवर गरम हवेचा झोत! तिघंही घामाने निथळत होतो. आत्या मागून सारखी विचारत होती, "काटा खय हाय?" आणि मी सांगत होते, "मध्यावर."

माथ्यावर गर्दी होती. आत्या म्हणाली, "थांब रे जरा."

एक पांढरी गाडी वाफा सोडत उभी होती, महाराज कापड झटकत होते. आत्याने खिडकीतून हाक मारली. "म्हाराज! मी बसलंय गाडीत. बघा, तापली नाय!"

शिष्यांनी ओळखलं. महाराजांनी डोळे मिटले. "देवी परीक्षा बघते आहे..."

"परीक्षा आम्हीही बघतो," म्हणत हर्षद उतरला. पांढऱ्या गाडीच्या मालकाला त्याने ती लाल पट्टी दाखवली. मालकाने स्वतःच्या हाताने बटण फिरवलं. झोत आला. कापड महाराजांच्या हातातच होतं. गर्दीतले दोन-तीन ड्रायव्हर आपापल्या गाड्यांकडे पळाले, आणि मग त्या चिरेखाणीशी इतकी भुतं एकदम बाहेर पडली की विचारू नका.

महाराज माझ्याजवळ सरकले, अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, हिमाचलात टुरिस्ट गाडी चालवायचो, तिथे हीटर रोजचाच. नोकरी गेली. पोटावर मारू नका."

"गाडी अडलेल्यांना हे बटण दाखवा, आणि गॅरेजला पाठवा. लोक नाव काढतील," मी म्हटलं. "पण कोणाचं राहिलंय ते परत विचाराल, तर शाळेला सुट्टीच आहे, मी रोज इथे येऊन बसेन."

झेंडा दोनच दिवसांत निघाला. आत्याचं डायलिसिस त्या संध्याकाळी झालं, चार-पाच दिवसांनी सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक खेप चुकली असती तर सांगता आलं नसतं. हे वाक्य ऐकताना मी आणि हर्षद एकमेकांकडे बघू शकलो नाही.

म्हणून सांगते. गाडी तापली तर बाजूला घ्या, इंजिन निवू द्या, पाणी बघा, पंखा बघा. माणूस आजारी पडला तर डॉक्टरकडे न्या. आणि कोणी डोळे मिटून तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईकडे बोट दाखवायला लागला, तर आधी त्याचे हात कुठे आहेत ते बघा, आणि मग आपले. दुसऱ्यावर पाप ढकललं गेलं की आपलं काम टळतं. बुवाचा धंदा चालतो तो निम्मा ह्याच्यावर.

पंखा नवा बसलाय, कूलंट भरलंय. तरी रत्नागिरीला निघताना आत्या लगेच आत बसत नाही. छोटी बाटली काखेत धरून गाडीशी उभी राहते आणि विचारते, "हर्षद, काय राहिलाय काय रे?"

हर्षद मुकाट्याने बॉनेट उघडतो.